कांडं अडकलं नव्हतं

आमच्या घरात दूध तापवणं हे देवपूजेच्या खालोखालचं काम होतं. शनिवार पेठेतली आमची तीन खोल्यांची जागा, त्यात स्वयंपाकघर म्हणजे एक ओटा आणि त्यासमोर एका माणसाला जेमतेम उभं राहता येईल एवढी फरशी. सकाळी दुधाच्या पिशव्या आल्या की आई पातेल्यासमोर जी उभी राहायची ती दूध वर येईपर्यंत हलायची नाही. पातेल्याच्या तळाशी तिनं एक छोटी स्टीलची वाटी पालथी घातलेली असायची. दूध तापायला लागलं की ती वाटी खडखड वाजायची आणि त्या आवाजावर आमचं घर उठायचं. दारात कुणीही आलेलं असो, "थांबा, दूध आहे" असं आई आतूनच सांगायची, आणि माणसं खरोखरच थांबायची. पुढे मी जन्मभर दुधाच्या धंद्यात राहिले, किती गोठे पाहिले त्याची गणती नाही, पण दुधाचा धाक शिकले ती त्या ओट्याशी.

बाबा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या, आणि घरी आल्यावर तेच काम हौसेनं पुढे चालू ठेवायचं. माझा मोठा भाऊ, दादा, तेव्हा नुकताच कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता. टाय लावून जायचा, रविवारीसुद्धा इंग्रजी पुस्तकातून काहीतरी पाठ करत बसायचा. त्याच्या सगळ्या मित्रांचं अमेरिकेला जायचं चाललं होतं. आणि मी दुग्धशास्त्राची पदवी घेऊन हडपसरच्या पुढे नव्यानं निघालेल्या एका खाजगी डेअरीत विस्तार अधिकारी म्हणून चिकटले होते. त्या दिवसांत सगळंच मोकळं होत होतं. दुधाच्या धंद्यात पूर्वी सरकार आणि सहकारी संघ एवढेच असायचे, आता ज्याला जमेल तो पत्र्याची शेड ठोकून बाहेर पाटी लावत होता. बाबांना या कशातच राम वाटत नसे. ते म्हणायचे, "एक जण यंत्राशी बोलतो, दुसरी गाईशी. आमच्याशी बोलायला घरात कुणी उरलं नाही."

विस्तार म्हणजे नेमकं काय, ते मला त्यांना कधी धड सांगता आलं नाही. शेतकऱ्याच्या गोठ्यात जायचं, चारा कसा द्यावा, सड कसे धुवावेत, लस कधी टोचून घ्यावी हे समजावून सांगायचं. मी जनावरांची डॉक्टर नव्हते. औषध देणं माझं काम नव्हतं, सांगणं हे माझं काम होतं. ते ऐकून बाबांनी चष्मा वर केला. "म्हणजे तू त्यांना शहाणपण शिकवणार. बरं. आणि तुला कोण शिकवणार?" मला त्या वेळी फार राग आला होता. आज इतक्या वर्षांनी ते वाक्य आठवलं की राग येत नाही, त्यांचं बरोबर होतं असं वाटतं.

कारण मी तेव्हा सतत भ्यालेली असायची. गाईम्हशींना नाही. त्या लाथ मारतात ती तरी सरळ मारतात. मला भीती होती ती "या पोरीला काय कळतंय" या एका वाक्याची. पेठेतली मुलगी, पंजाबी ड्रेस, मोपेडवरून धूळ खात येते आणि चार जनावरं पाळणाऱ्या बाप्यांना चारा शिकवते. चावडीवर ते हसायचे. मग मी एक सवय लावून घेतली. कुणी काहीही विचारलं की लगेच उत्तर द्यायचं, तेही ठासून. गाय आटली का? उत्तर तयार. म्हैस माजावर येत नाही? उत्तर तयार. "माहीत नाही, विचारून सांगते" हे शब्द त्या पहिल्या वर्षात माझ्या तोंडून एकदाही गेले नसतील. नोकरी टिकवायची तर असंच करावं लागतं, अशी माझी पक्की समजूत होती.

मांजरी गावाच्या शिवारात हौसाबाई राहायच्या. चाळिशी ओलांडलेल्या, उंच, हाडापेराने मोठ्या. नवरा मालट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यामुळे गोठा, घर, गुंठाभर लसूणघास, सगळं त्यांच्याच अंगावर. चावडीवर माणसं मला हसत होती तेव्हा त्या मागून म्हणाल्या होत्या, "येऊ द्या की पोरगीला. दूध मी काढती, तुमी न्हाई." त्या दिवसापासून माझं त्यांच्याकडे जाणं सुरू झालं. मी मोपेड लावून तोंडावरची ओढणी सोडते न सोडते तोच त्यांचा पाण्याचा तांब्या पुढे यायचा. "आदी पानी प्या, मग शानपन सांगा." मी घटाघट प्यायची. त्या विहिरीच्या पाण्याला किंचित मचूळ चव होती, ती मला आवडायला लागली होती. मी सांगेन ते त्या एकदा ऐकायच्या, दोनदा विचारायच्या आणि मग तंतोतंत करायच्या. सड धुवायला कोमट पाणी म्हटलं की कोमटच. माझं ऐकणारं असं त्या गावात पहिलं माणूस त्याच. त्यांच्या भरवशावर मी इतर बायकांना सांगायची, "हौसाबाईंना विचारा."

त्यांच्याकडे एकच संकरित गाय होती, तांबू. ती व्याली, कालवड झाली. पहिला चीक तासाभराच्या आत वासराच्या पोटात गेला पाहिजे हे मी सांगून ठेवलेलं, त्यांनी तसंच केलं. आणि उरलेल्यातला बरणीभर चीक दुसऱ्या दिवशी माझ्या हातात ठेवला. आईनं त्यात गूळ, वेलदोडे घालून कुकरच्या वाफेवर खरवस केला. बाबांनी एक वडी खाल्ली, दुसरी मागितली आणि एकही खोट काढली नाही. आमच्या घरात याहून मोठी पावती नव्हती. "तुझ्या नोकरीचा हा एक उपयोग बरा आहे," असं ते हात धुताना म्हणाले.

त्यानंतर आठेक दिवसांनी मी हौसाबाईंकडे गेले तर दुरूनच आवाज आला. गाय हंबरते तसा नव्हता तो. घोगरा, फाटलेला, मध्येच तुटणारा, आणि थांबतच नव्हता. तांबू मान पुढे ताणून उभी होती. तोंडातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबत होत्या. हौसाबाईंनी पाण्याची बादली तिच्यापुढे धरली तर तिनं तोंड बुडवलं, पाणी ओढलं, आणि ते सगळं नाकातोंडातून परत बाहेर आलं. "कालपास्नं असंच हाय," हौसाबाई म्हणाल्या. "चारा बी गिळंना, पानी बी न्हाई. डाक्टरकडं निरोप धाडलाय, पर त्ये लांब गेल्यात म्हनं. काय झालं आसंल, म्याडम?"

पुढ्यात उसाच्या वाढ्याचा, म्हणजे शेंड्यांचा, ढीग पडला होता. मी त्या ढिगाकडे बघितलं आणि माझी सवय माझ्याआधी बोलली. "घशात कांडं अडकलंय," मी म्हणाले. "वाढ्यातलं जाड कांडं. असं होतं." असं होतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्षात एकदाही पाहिलं नव्हतं. आणि लाळ गळणाऱ्या, पाणी न गिळणाऱ्या जनावराच्या तोंडात काही झालं तरी उघडा हात घालायचा नाही, हेही त्याच पुस्तकात पुढच्या कुठल्यातरी पानावर होतं. ते पान मला त्या क्षणी आठवलं नाही.

मी बाही वर केली आणि हात घातला. हौसाबाईंनी जबडा धरून ठेवला होता. आत गरम, बुळबुळीत, आणि जीभ नुसती मांसाच्या पिशवीसारखी पडलेली. माझा हात आखूड, घशापर्यंत पोचेना. दाताला मनगट घासलं, थोडं रक्त आलं. "तुमचा हात लांब आहे," मी हौसाबाईंना म्हणाले, "तुम्ही घाला. खोल घाला, लागेल हाताला." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर शंका होती, मला दिसली. मी म्हणाले, "घाला हो, मी सांगते ना." आणि त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. काहीच लागलं नाही. हात बाहेर काढला तेव्हा बोटांच्या पेरांवर, मनगटावर ओरखडे उठले होते. आम्ही दोघींनी बादलीतल्या पाण्यात हात खळबळले, त्यांनी पदराला पुसले, मी ओढणीला. "कांडं खाली सरकलं असेल," असं सांगून मी पुढच्या गोठ्यावर गेले. हे वाक्यसुद्धा मी ठासूनच बोलले.

तिसऱ्या दिवशी आमच्या डेअरीचे पशुवैद्य, डॉक्टर जगदाळे, गोठ्यावर पोचले तोवर तांबू आडवी झाली होती. मी मागे उभी होते. त्यांनी तिला हात लावला नाही. लांबूनच बघत राहिले, मग हौसाबाईंना विचारलं, महिन्या-दोन महिन्यांत इकडे पिसाळलेलं कुत्रं आलं होतं का. आलं होतं. शेजारच्या वस्तीवरच्या लोकांनी मारलं होतं. डॉक्टर हळूच वळले. "हिच्या तोंडात कुणी हात घातला होता?" मला वाटलं आपण जमिनीत जाऊ तर बरं. मग मी म्हणाले, "मी. आणि हौसाबाईंनी. मी सांगितलं म्हणून." डॉक्टर माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत, आणि त्यानंच मी जास्त घाबरले. "साबणानं धुतला होता?" त्यांनी विचारलं. "नाही." "ओरखडे आहेत?" मी मनगट दाखवलं. ते म्हणाले, "अहो मॅडम, हा रोग एकदा उठला की त्याच्यावर औषध नाही. उठायच्या आधी सुया घेतल्या तरच. आजपासून. दोघींनी. एकही चुकवायची नाही." गाय त्याच दुपारी गेली. तिचं डोकं तपासणीला पाठवलं, अहवाल यायला आठ-दहा दिवस लागणार होते. वासराला वेगळं बांधून लक्ष ठेवायला सांगितलं.

घरी मी सगळं सांगितलं तेव्हा आई पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं आणि पहिल्यांदा विचारलं, "खरवस?" मी म्हटलं, तो उकडलेला होता, त्याला काही होत नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "म्हणजे आम्ही भुंकणार नाही. ठीक." पण चप्पल घालून ते लगेच बाहेर पडले. त्यांच्या ओळखीच्या औषधवाल्याकडे नव्या प्रकारच्या सुया मिळत होत्या, दंडात घ्यायच्या, सगळ्या मिळून पाच. सरकारी दवाखान्यात तेव्हा चौदा सुया मिळायच्या, रोज एक, पोटात, बेंबीभोवती. बाबा तासाभरात पुडकं घेऊन आले, ते बर्फाच्या पिशवीत घातलेलं होतं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी पहिली टोचली. मी हौसाबाईंसाठीही आणा म्हणाले नाही. हे मी आज लिहिते आहे ते नीट लिहिते: तो विचार माझ्या मनात आला होता, आणि मी तो बोलून दाखवला नाही. त्या वेळी मला फक्त माझा जीव दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात गेले तर हौसाबाई दवाखान्यात जायला तयार नव्हत्या. वस्तीवरच्या कुणा बाबानं झाडपाल्याचा रस पाजला होता, हाताला काळा दोरा बांधला होता. "पोटात चौदा सुया? न्हाई बाई. माझी नणंद घेत हुती, चार दिस उठली न्हाई. आन मी निजले तर वासराला कोन बघंल?" मी समजावलं, घाबरवलं, हात जोडले. त्या ऐकेनात. शेवटी मी म्हणाले, "मी पण घेणार आहे ना. तुमच्याबरोबर. रोज." त्या थांबल्या. "त्याच? पोटात?" आणि मी म्हणाले, "हो. त्याच."

माझ्या दंडाला तेव्हा कालच्या सुईचा ठणका लागलेला होता.

त्यानंतरच्या सकाळी मला अजून जशाच्या तशा आठवतात. मी पेठेतून यायची, त्या मांजरीहून बसनं. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात लाकडी बाक, त्यावर कुत्रं चावलेली माणसं ओळीनं बसलेली, कुणाच्या पोटरीला चिंधी, कुणाच्या हाताला. आत स्टोव्हवर सुयांचा डबा उकळत असायचा, त्याच्या झाकणाचा खडखडाट बाहेर ऐकू यायचा. आमच्या घरच्या वाटीसारखाच आवाज. मला तो ऐकवत नसे. हौसाबाईंचा नंबर आला की त्या पदर आवळून आत जायच्या, आणि त्या बाहेर आल्या की मी म्हणायची, "माझं पलीकडच्या खोलीत आहे, तुम्ही बसा." मी पलीकडे जाऊन जिन्याखाली थोडा वेळ उभी राहायची आणि पोटावर हात धरून परत यायची. त्या माझ्याकडे बघून ओठ चावायच्या. पाचव्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी जाड्या मिठाची पुरचुंडी आणली. "तव्यावर गरम करून शेक. लय ठणकतंय ना? तुझं पोट तर एवढुसं." मला त्या 'मॅडम'वरून 'तू'वर आल्या होत्या. ती पुरचुंडी मी घरी नेली आणि ओट्यावर ठेवून रडले. आईनं माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि मी पिते का ते बघत उभी राहिली.

कारण घरात आता तेच चाललं होतं. हा रोग उठला की माणसाला पाणी गिळता येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मी पाणी प्यायला लागले की बाबांचं पान उलटायचं थांबायचं, दादा पुस्तकातून डोकं वर काढायचा. मला स्वतःला तर प्रत्येक घोटाला धडकी भरायची. नळ सुरू झाला की घसा आवळल्यासारखा वाटायचा, आणि मग हा भास की तोच रोग, असं दिवसभर. तांबूच्या नाकातून परत येणारं पाणी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. आई दूध आता दोन-दोनदा उकळायची. कशासाठी, ते तिलाही माहीत नव्हतं.

हौसाबाईंच्या आठव्या सुईच्या दिवशी आम्ही दवाखान्यातून निघून रस्ता ओलांडत होतो. एक रिक्षा अंगावर आली आणि त्यांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. आदल्याच दिवशी तिथे माझी तिसरी सुई झाली होती. मी कळवळले. त्यांनी हात सोडला, माझी बाही वर केली. कापसाचा बोळा आणि त्यावर चिकटपट्टी. त्यांनी ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा पट्टीकडे. "ही कसली?" खोटं बोलायला काहीतरी लागतं, ते माझ्याजवळ उरलं नव्हतं. त्या वळल्या आणि बसस्टॉपकडे चालू लागल्या. त्यांचं ते थोडं वाकून, पोट सांभाळत चालणं मी बघत राहिले.

नवव्या दिवशी त्या आल्या नाहीत. मी दवाखाना बंद व्हायला येईपर्यंत बाकावर बसून होते. तिथून डेअरीत गेले तर डॉक्टर जगदाळ्यांनी हातात कागद दिला. तांबूच्या डोक्याचा अहवाल आला होता. तोवर मनात कुठेतरी धुगधुगी होती की दुसरंच काही निघेल. नव्हतं निघालं. डॉक्टर म्हणाले, "त्या बाईंच्या सुया चालू आहेत ना?" मी मोपेडला किक मारली.

हौसाबाई गोठ्यात वासराला बाटलीनं दूध पाजत बसल्या होत्या. मी आले, उभी राहिले. पाण्याचा तांब्या पुढे आला नाही. इतक्या दिवसांत असं पहिल्यांदाच झालं होतं, आणि ते मला कुणी मुस्कटात मारल्यासारखं लागलं. मी कागद दाखवला, वाचून दाखवला, दवाखाना संध्याकाळी पुन्हा उघडतो, आजची सुई अजून मिळेल, मी घेऊन जाते, असं सगळं बोलले. त्या वासराकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "कांडं अडकलंय म्हनालीस तवा बी आशीच बोलत हुतीस. ठासून. माझ्या मनात आलं हुतं, हात घालू नये. पर म्हनलं, शिकल्याली हाय, तिला म्हाईत आसंल."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. "तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, हौसाबाई. माहीत नाही म्हणायची लाज वाटली. आणि सुयांचं खोटं बोलले, कारण तुम्ही घेतल्या नसत्यात तर माझ्यामुळे मेला असतात. आणि तुमच्यासाठी चांगल्या सुया मागितल्या नाहीत, कारण मी घाबरले होते. अजून घाबरले आहे. रोज पाणी पिताना वाटतं, आज नाही गिळणार." एवढं बोलून मी तिथेच शेणात फतकल मारून बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. विस्तार अधिकारी.

बाटली संपली, वासरानं ढुशी दिली. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी बी भिंतीकडं त्वांड करून पिती. घोट घोट. घरात कुनाला दिसू नये म्हनून." त्या उठल्या, आत गेल्या, तांब्या आणि पेला घेऊन आल्या. पेला भरून माझ्या हातात दिला आणि समोर बसल्या. "पी. मी बघती." मी प्यायले. गिळलं गेलं. त्यांनी माझ्या गळ्याकडे टक लावून बघितलं, मग तांब्या वर धरून स्वतः प्यायल्या आणि मी त्यांच्या गळ्याकडे बघितलं. मचूळ पाणी होतं, नेहमीचंच. "चल," त्या म्हणाल्या, "गाडीवर मागं बसता यील का मला, पोट दुखतंय लय."

दवाखान्यात त्या दिवशी सुई मिळाली. उरलेल्या पाचही झाल्या. त्या दिवसांत सकाळी मी बाकावर त्यांच्या शेजारी बसून असायची, पलीकडच्या खोलीत जायची नाही. दंडाच्या सुया मिळताहेत तर बघू का, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "आता निम्म्यात कशाला बदलती? हाय ते पुरं करू." आणि घरी गेल्यावर मी बाबांना हौसाबाईंच्या सुयांचं सगळं सांगितलं. त्यांनी चूक काढली नाही. ते म्हणाले, "मी पण विचारलं नाही तुला, त्या बाईचं काय म्हणून."

भीती सुयांबरोबर संपली नाही. हा रोग महिनोन् महिने दडून राहतो म्हणतात. त्या वर्षभर मी मांजरीला गेले की पाणी आधी, बोलणं नंतर. त्या माझं बघायच्या, मी त्यांचं. दोन-तीन वर्षांनी कालवड मोठी होऊन व्याली, तिचं दूध आमच्या डेअरीत यायला लागलं. गोठ्यांवर कुणी काही विचारलं आणि मला येत नसलं की मी सांगायला लागले, "माहीत नाही, डॉक्टरांना विचारून सांगते." पहिल्यांदा चावडीवरचे लोक हसले. नंतर तेच लोक मुद्दाम मला विचारायला येऊ लागले. पुढे मी कितीतरी तरुण विस्तार अधिकाऱ्यांना शिकवलं, आणि पहिल्या दिवशी हे एक वाक्य त्यांच्याकडून मोठ्यानं म्हणवून घ्यायची. पोरं आपसात हसायची. मी त्यांना कारण सांगितलं नाही. इथेच पहिल्यांदा लिहिते आहे.

मांजरीत आता ऊस कमी आणि इमारती जास्त. हौसाबाई एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात, लिफ्टमध्ये त्यांना गुदमरतं म्हणून फारशा खाली उतरत नाहीत. गेल्या महिन्यात गेले तेव्हा त्यांची सून लगबगीनं म्हणाली, "मावशी, बसा ना, चहा टाकते, नाहीतर कोल्ड ड्रिंक आहे फ्रीजमध्ये." हौसाबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. ऐकायला कमी येतं, पण तेवढं बरोबर ऐकलं त्यांनी. "च्या मागनं," त्या सुनेला म्हणाल्या. "आदी तिला पानी दे. आन मला बी दे." सुनेनं दोन पेले आणून दिले. मी माझा प्यायले, त्या माझ्या गळ्याकडे बघत होत्या. मग मी दुसरा पेला त्यांच्या हातात दिला, आणि तो रिकामा होईपर्यंत बघत राहिले.